ताल नातवाचा, साथ आजीची

प्रश्न : माझा नातू सहा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे, त्याचा उजवा हात आखडलेला असतो. फिजिओथेरपी चालू आहे. आता कुणी संगीतोपचार सुचवला. हा प्रकार मुळात आला कुठून? गाण्याच्या क्लासला घातलं तर चालेल का? घरात पेटी आहे.
– एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजी, क्लासनं ते काम होणार नाही. गायक मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली तेव्हापासून आपल्या गावाला शिकवणीची सवय आहे. तिथे गुरूच्या लयीत शिष्यानं चालायचं. उपचारात लय मुलाची असते आणि मोठ्यांनी त्याच्या मागून जायचं.

ही पद्धत इंग्लंडमधल्या सनफील्ड या विशेष मुलांच्या निवासी संस्थेत घडली. १९५९ मध्ये अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि तिथले शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी काम सुरू केलं. नॉर्डॉफ पियानोवर बसत, रॉबिन्स मुलाजवळ. मूल ढोल बडवो नाहीतर रडो, नॉर्डॉफ त्याचीच लय, अगदी रडण्याचा सूरसुद्धा, उचलून तिथल्या तिथे संगीत रचत. सत्रं टेपवर घेऊन दोघं ती बारकाईनं पुन्हा ऐकत. आधीच्याच वर्षी सेलोवादक ज्युलिएट अल्विन यांनी ब्रिटनमध्ये संगीतोपचाराची संस्था काढली होती.

आता तुमची पेटी. तुम्ही नातवासमोर बसा, म्हणजे पट्ट्या त्याच्याकडे आणि भाता तुमच्या हाती येतो. त्याला फक्त काळ्या पट्ट्या दाखवा. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला, सा धरला की त्या पाच पट्ट्यांत भूप राग मिळतो. बोटं सुटी होत नसली आणि अख्खा पंजा पडला, तरी कानाला खटकत नाही. त्या पट्ट्या उंच असल्यानं हाताला आधी लागतातही. त्यानं एक सूर दाबला की तोच तुम्ही गा, नातवाचं नाव घालून. मग गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. इथेच बहुतेक घरांत बिघडतं, कारण मोठ्यांना शांतता सोसवत नाही आणि ते त्याचा हात धरून वाजवून घेतात. या मुलांना हालचाल जुळवायला वेळ लागतो, तो मिळायलाच हवा.

दहा मिनिटं पुरेत, रोज एकाच वेळी. भाता हळू घाला. अचानक मोठा आवाज झाला की अशी मुलं दचकतात आणि सगळं अंगच ताठ होतं. म्हणून टाळ, झांजा कानाजवळ नकोत. खंजिरी द्यायची तर ती तुम्ही धरा आणि त्याच्या हातातल्या काठीला जुन्या सुती कापडाचे वेढे देऊन मूठ जाड करा, पकड सुटत नाही. मोबाइलवर गाणी लावून ठेवण्याचा इथे उपयोग नाही, ती त्याच्यासाठी थांबत नाहीत.

यानं मेंदूतली इजा भरून येत नाही, त्यामुळे फिजिओथेरपी सोडू नका. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खंजिरी कुठल्या बाजूला आणि किती लांब धरायची, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसवून ठरवून घ्या.