सोसायटीच्या डांबरी रस्त्याचं बजेट: चौरस फुटाच्या दराआधी टन काढा

तुमचा प्रश्न नीट वाचला. कोल्हापुरात कळंब्याकडची सोसायटी, आतला रस्ता सुमारे 300 मीटर लांब आणि 4.5 मीटर रुंद, तीन ठेकेदारांची कोटेशनं, आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त दरात जवळपास दुपटीचा फरक. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आकडा मांडायचाय आणि कुठलं कोटेशन खरं ते कळत नाही. रस्त्याच्या कामांची मोजमापं घेण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. त्यावरून सांगतो, तिन्ही खरी असू शकतात, कारण तिघांनी तीन वेगळी कामं लिहिली आहेत. एकानं ‘डांबरीकरण 1 इंच’, दुसऱ्यानं ‘हॉटमिक्स कारपेट दीड इंच’, तिसऱ्यानं ‘रोलिंगनंतर 40 मिमी, टॅक कोटसह’. हॉटमिक्स म्हणजे गरम डांबर-खडीचं मिश्रण, कारपेट म्हणजे त्याचा वरचा थर, आणि टॅक कोट म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मध्ये मारलेला डांबराचा पातळ फवारा. चौरस फुटाच्या दरावर यांची तुलना होणारच नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. लेआउट मंजूर होताना हा रस्ता महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालाय का? तुमच्या भागात हद्दीचा घोळ असतो. रस्ता त्यांच्या ताब्यात असेल तर सभासदांच्या पैशाला हात लावण्याआधी तिथे लेखी अर्ज द्या. नसेल तर पुढचं वाचा.

तुमचं क्षेत्रफळ 1350 चौरस मीटर, म्हणजे साधारण 14,500 चौरस फूट. रोलिंग झालेल्या हॉटमिक्सचा घनमीटर साधारण 2.3 ते 2.4 टन भरतो. मी 2.35 धरतो. दीड इंच म्हणजे 38 मिमी. तेवढी जाडी रोलिंगनंतर मिळणार असेल तर 51.3 घनमीटर, म्हणजे 120 टनांच्या आसपास माल लागेल. पण हाच दीड इंच पेव्हरनं (माल पसरणाऱ्या यंत्रानं) सोडलेल्या सैल मालाचा असेल तर रोलर फिरल्यावर 30 मिमीच उरतो, आणि माल लागतो 95 टन. कागदावर शब्द तेच, दर तोच, आणि 25 टन माल कमी! ‘रोलिंगनंतरची जाडी’ हे शब्द नसतील तर ठेकेदार खोटं बोलतोय असं म्हणायचं कारण नाही, त्याच्या हिशेबात सैल जाडीच असते. म्हणून तिघांनाही एकच कागद द्या: अमुक चौरस मीटर, रोलिंगनंतर अमुक मिमी, अंदाजे अमुक टन, आणि बिल प्रत्यक्ष वजनावर. उसाची गाडी काट्यावर चढताना शेतकरी जसा डोळ्यात तेल घालून उभा असतो, तसं कमिटीतल्या एकानं त्या दिवशी काट्याच्या पावत्या गोळा करत उभं राहावं.

आता खड्डे. इथेच बहुतेक सोसायट्यांचं अंदाजपत्रक कोसळतं, कारण टेप खड्ड्याला लावतात. मोजायचा असतो कापायचा भाग. समजा, खड्डा 60 बाय 40 सेंटिमीटरचा दिसतोय, म्हणजे 0.24 चौरस मीटर. त्याच्या कडा आतून सैल झालेल्या असतात, म्हणून चारी बाजूंनी किमान 15 सेंटिमीटर चांगल्या रस्त्यात शिरून सरळ चौकोन कापावा लागतो. झालं 90 बाय 70, म्हणजे 0.63 चौरस मीटर, अडीच पटीहून जास्त. 10 सेंटिमीटर खोल भरलात तर दीडशे किलोच्या जवळपास माल. एका टनात असे सहा-सात खड्डे होतात, वीस नाही. पावसाळ्यात तात्पुरतं बुजवायला कोल्डमिक्सच्या (गरम न करता वापरायच्या तयार डांबर-खडीच्या) पिशव्या वापरल्यात तरी एवढ्याला 25 किलोच्या सहा लागतील. त्यामुळे पॅचवर्क कधीही ‘एकरकमी’ लिहून घेऊ नका. चौकोन पिवळ्या रंगानं रस्त्यावरच आखा, वहीत नंबर टाकून लांबी-रुंदी लिहा, आणि तेच मोजमाप बिलाला धरा.

खड्ड्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती जाळीदार भेगांची. वरचं डांबर वाळून खडी सुटत असेल तर नवीन थर टाकून भागतं. पण कासवाच्या पाठीसारखे तुकडे झाले असतील आणि त्यावरून पाण्याचा टँकर जाताना तो भाग किंचित दबत असेल, तर खालचा पाया गेलाय. त्यावर 40 मिमी टाका की 50, पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तीच नक्षी वर येते. अशा ठिकाणी फूटभर लांब-रुंद खड्डा घेऊन खाली काय आहे ते डोळ्यांनी बघा: खडी किती इंच, मुरूम आहे की थेट काळी माती, आणि ओल किती. पंचगंगेच्या बाजूच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात आणि उंचावरच्या मुरमाड जमिनीवर एकच अंदाजपत्रक चालत नाही. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रस्ता तिच्याबरोबर हलतो. तेवढ्या तुकड्यात 20 ते 30 सेंटिमीटर खोदून मुरूम-खडीचा पाया थराथरानं दाबून घ्यावा लागेल. खोदाईचा आकडा आधी पक्का सांगता येत नाही. मी स्वतः वरच्या थरावर 10 टक्के आणि खोदाईच्या कामावर 25 टक्के जादा धरतो. सभेत हे वेगळं दाखवा. ‘किरकोळ व अनपेक्षित’ या ओळीत लपवलंत की लोक पहिल्यांदा तीच ओळ कापतात.

पाण्याचं काय करणार, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि कोल्हापूरच्या पावसात तोच मुख्य प्रश्न आहे. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं रस्त्यावरून चाला आणि पाणी जिथे साचलंय तिथे खूण करा. आपल्याकडच्या पावसाला पातळ डांबरी थरावर साधारण अडीच टक्के उतार लागतो, म्हणजे तुमच्या रुंदीत मधला भाग कडेपेक्षा दोन इंचांच्या थोडा वर हवा. साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असेल तर पाणी गटारापर्यंत पोचतच नाही, ती खरवडून घेणं हे स्वस्तातलं काम आहे. पैसे कमी पडत असतील तर माझा स्पष्ट सल्ला: यंदा गटार, साईडपट्टी, पाया गेलेले तुकडे आणि भेगा भरणं एवढंच करा, कारपेट पुढच्या वर्षी. काळाकुळकुळीत रस्ता बघून सभासद खूश होतात हे मला कळतं, पण तुंबलेल्या गटाराशेजारी टाकलेलं कारपेट म्हणजे पैसे पाण्यात.

कोटेशनमधून गळणाऱ्या बाबी तिघांच्याही कागदावर शोधा. टॅक कोट जुन्या डांबरावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्याकडे साडेतीनशे किलोच्या आत इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर). एकूण खर्चात किरकोळ, पण तो वगळला की नवीन थर जुन्याला धरत नाही आणि पापुद्रे निघतात. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलणं. गेटपाशी जुना थर खरवडणं, नाहीतर रस्ता उंच होऊन पाणी पार्किंगमध्ये. आणि 18 टक्के जीएसटी आत धरलाय की वर, हे लेखी.

रुपयांतला दर मी मुद्दाम सांगत नाही. डांबराचा भाव तेल कंपन्या महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला बदलतात. 120 टन मालात 5.4 टक्के धरलं तरी साडेसहा टन डांबर येतं. टनाला 5,000 रुपये वाढले तर तुमचं काम 32,500 रुपयांनी महागलं, वर कर. सभा सप्टेंबरात, काम दिवाळीनंतर, तोवर हे भाव चार-पाच वेळा फिरतील. म्हणून कोटेशनवर ज्या दिवशीचा डांबराचा भाव धरलाय तो लिहून घ्या आणि फरक दोन्ही बाजूंनी देण्या-घेण्याची अट घाला. पडताळणीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा, पण त्यातला दर मोठ्या कामाचा असतो. तुमच्या 120 टनांसाठी पेव्हर, रोलर आणि माणसं आणण्याचा खर्च तेवढाच येतो, तो थोड्या टनांवर वाटला जातो. शेजारच्या सोसायटीचं काम त्याच दोन दिवसांत जोडता आलं तर दर खरोखर उतरतो. विचारून बघा.

कामाच्या दिवशी साधा थर्मामीटर जवळ ठेवा. व्हीजी-30 (रस्त्याला वापरतात ती डांबराची एक प्रत) डांबराचा माल पसरताना 140 अंशांच्या खाली नसावा, आणि माल 90 अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलिंग उरकलेलं असावं. डंपर वाटेत अडकून माल थंड झाला तर तो परत पाठवायचा अधिकार करारात हवा.

पैसे देताना बिलाचे 10 टक्के पुढचा एक पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा. ही अट वर्कऑर्डर देण्याआधी लिहून घ्या, काम झाल्यावर कुणी मान्य करत नाही. तिसऱ्या कोटेशनवाल्यानं 40 मिमी रोलिंगनंतर असं स्वतःहून लिहिलंय, त्याला आधी बोलवा आणि पाया गेलेल्या तुकड्यांचा घनमीटरचा दर वेगळा मागा. त्या फूटभर खड्ड्यांचे फोटो मिळाले की इथेच टाका, खोली बघून खोदाईचा आकडा आपण बसवू.