पुस्तक वाचलं की ऐकलं?

तासगावकडच्या एका बाई दुसरीचा वर्ग शिकवतात. मुलं घरी मोबाईलवर गोष्टी ऐकतात आणि वाचन-नोंदवहीत बिनधास्त ‘हे पुस्तक वाचलं’ असं लिहून आणतात. हे चालवून घ्यायचं का, आणि ऑडिओबुकला मराठीत काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलंय.

व्युत्पत्ती मुलांच्या बाजूची आहे. संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणं, त्याचं प्रयोजक रूप ‘वाचयति’, म्हणजे बोलायला लावणं. आपलं ‘वाचणं’ तिथून आलं. मुळात हा डोळ्यांपेक्षा तोंडाचा उद्योग. ‘चावडीवाचन’ घ्या. सातबाऱ्याचं झालं, २०१७च्या कर्जमाफीच्या याद्यांचं झालं. एकानं मोठ्यानं वाचायचं, गावानं ऐकायचं आणि नाव चुकलं असेल तर तिथंच ओरडायचं.

पण निकाल व्युत्पत्तीवर लागत नाही, वापरावर लागतो. श्रावणात देवळात नवनाथांची पोथी लागते. एकजण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीची मंडळी ऐकतात. घरी परतलेली आजी ‘पोथी ऐकली’ म्हणते, ‘वाचली’ म्हणत नाही, आणि त्यात तिला काही उणं वाटत नाही. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचाच. तेव्हा बाई, नोंदवहीत ते पुस्तक जरूर येऊ द्या, फक्त क्रियापद ‘ऐकलं’ असू द्या.

आणि ऐकण्यावर बंदी तर मुळीच नको. मराठी जशी बोलतात तशी लिहितात, हे अर्धंच खरं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे, पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. घरी म्हैस असलेलं पोर ‘चारा’ बरोबर वाचतं, कारण तो शब्द त्याच्या कानात आधीच आहे. जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरातलं पोर मात्र तिथं ‘चार’मधलाच च लावतं, त्याच्या घरच्या भाषेत दुसरा च नाहीच. त्याला लाल शाईनं काय कळणार? त्यानं ओळीवर बोट फिरवत तीच गोष्ट मोबाईलवर ऐकावी. असं ऐकणं म्हणजे वाचन शिकणंच, आणि तिथं मी ‘वाचलं’ म्हणण्यालाही हरकत घेणार नाही.

याउलट एक गोष्ट चूक धरली जाते, ती चूक नव्हे. शिराळा-वाळव्याकडच्या कितीतरी मुली घरी ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतात. पुस्तकात ‘मी शाळेत जाते’ छापलेलं असतं आणि पोरगी मोठ्यानं ‘मी शाळेत जातो’ वाचते. तिनं अर्थ घेतला आणि आपल्या बोलीत सांगितला. नुसती अक्षरं जुळवणाऱ्याला हे जमत नाही. छापील रूप तिला दाखवावं जरूर, पण ‘वाचता येत नाही’ हा शेरा मारू नये.

मोबाईलवर सरकणारा मजकूर भरभर नजरेखालून घालण्यालाही नवं क्रियापद शोधायची गरज नाही. आपल्याकडं ‘पेपर बघितला का?’ असं पूर्वीपासून विचारतात, ‘चाळणं’ही आहेच.

ऑडिओबुकला ‘श्राव्य पुस्तक’ म्हणतात, पण माझी पसंती ‘बोलकं पुस्तक’ला. अर्थ ऐकताक्षणी कळतो, आणि दुसरीतल्या मुलाला नोंदवहीत ‘श्र’ आणि ‘व्य’ लिहीत बसावं लागत नाही.