आईनं कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला

*“आई ७६ वर्षांची. सांगलीला एकटी राहते. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी पुण्याहून वॉकर, कमोडची खुर्ची, मदतीचं बटण असलेलं घड्याळ नेलं, तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. वॉकरवर ती साड्या वाळत घालते. घड्याळ कपाटात, कॅमेऱ्यावर टॉवेल. भिंत धरून चालते. म्हणते, ‘मी काय पांगळी झालेय?’ मी आता काय करू?”*

तुमची धास्ती मला कळते. पण आधी तो खोलीतला कॅमेरा काढा. त्याच खोलीत त्या साडी नेसतात. मुलगा पुण्यातून बघत असेल या विचारानं त्यांनी टॉवेल टाकला, मीही टाकला असता. कॅमेऱ्यात त्या पडलेल्या दिसतील, पण उचलणार कोण? शेजारच्या वहिनींकडे घराची किल्ली आहे का? नसेल तर ती आजच द्या, आणि घड्याळाच्या बटणावर पहिला नंबर त्यांचा घाला, तुमचा दुसरा. मग आईंना विचारून बटण दाबून बघा. शेजारून कोणी धावत आलेलं दिसलं की त्या घड्याळाचा उपयोग त्यांना आपोआप पटेल. ते पाण्यात चालतं का, हेही बघा. आंघोळीच्या वेळी काढून ठेवावं लागत असेल तर नेमक्या धोक्याच्या जागी ते हातावर नसणार.

आता वॉकर. तो आई का वापरत नाहीत, हे त्यांच्यामागून दिवसभर घरात फिरल्याशिवाय कळायचं नाही. जुन्या घराला उंबरे असतात, बाथरूमचं दार अरुंद असतं. वॉकर तिथं अडला की माणूस भिंतच धरणार. दोन्ही हात वॉकरला गुंतले तर चहाचा कप ओट्यावरून कसा आणायचा? पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधा, झाकणाची बाटली द्या. उंचीही तपासा. आई रोजच्या चपला घालून, हात सैल सोडून उभ्या राहिल्या की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. कमी असेल तर वाकून चालावं लागतं, पाठ भरून येते, आणि वॉकर कोपऱ्यात जातो.

कमोडची खुर्ची खोलीत ठेवली असेल, तर भांडं दुसऱ्या कुणीतरी उचलायचं, ही लाज फार मोठी असते. भांडं काढून ती खुर्ची संडासातच बसेल का, हे मोजून बघा. शेजारी भिंतीला पक्का दांडा लावून घ्या. टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही.

(ज्यांना ही साधनं परवडत नाहीत, त्यांनी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सरकारी योजनांची चौकशी जरूर करावी.)

‘पांगळी’ या शब्दाचं उत्तर तुम्ही देऊ नका. फिजिओथेरपिस्टना घरी बोलवा आणि वॉकर किती दिवस, काठी कधी, हे आईंनाच विचारू द्या. काठीवर आल्या तर ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरायची, हेही तेच शिकवतील. ‘लवकर सुटेल’ असं खोटं आश्वासन मात्र देऊ नका.

येत्या रविवारी जाल तेव्हा नवीन काही नेऊ नका. वॉकरवरच्या साड्या तुम्ही घडी करून ठेवा, शेजारी बसा आणि विचारा, “आई, तुला आधी कुठवर चालत जायचंय?” तुळशीपर्यंत म्हणाल्या, तर तुळशीपर्यंतची वाट मोकळी करायला घ्या.