सिस्टरच्या वहीतले चौदा दिवस

"मॅडम, नोकरी आणि घर सांभाळून नर्सिंग पूर्ण करता येईल का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्यांत रुग्णालयात मावशी म्हणून काम करणाऱ्या असतात, घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या असतात आणि एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसविका) होऊन दहा-बारा वर्षे वॉर्डात काढलेल्याही असतात. पूर्वी मी या प्रश्नाला हमखास होकारार्थी उत्तर देत असे आणि लगेच वेळापत्रक आखायला घेत असे. ती सवय मी का सोडली, ते सुनंदाताईंच्या निमित्ताने लिहीत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची संमती आहे.

पहिल्यांदा आल्या तेव्हा सुनंदाताई ३६ वर्षांच्या होत्या. घर पुण्यातल्या धायरीत, सिंहगड रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात १२ वर्षांची नोकरी, यजमान नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत आणि मधुमेहाने थकलेल्या सासूबाई. एएनएम अभ्यासक्रम त्यांनी लग्नाआधीच केला होता. वॉर्डातले काम त्यांना इतके सरावाचे होते की नव्या मुलींना हाताची शीर कशी शोधायची हे त्याच दाखवत. पण ड्युटी चार्टवर इनचार्ज म्हणून नाव लागे ते जीएनएम, म्हणजे एएनएमच्या वरचा परिचारिका अभ्यासक्रम, झालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचे. "ती मुलगी वाईट नाही हो," त्या म्हणाल्या, "मान देते, अडलं की मलाच विचारते. पण हँडओव्हरच्या वहीत सही तिची असते आणि पगारही तिचा जास्त असतो."

त्यांची तळमळ खरी होती आणि मी तिला भुलले. कोणता अभ्यासक्रम, कुठे, इतकी घाई कशासाठी, यातले काहीही न विचारता मी कोरा कागद पुढे ओढला आणि पहाटे चार ते सहा अभ्यास, सहा ते सात डबे, अशी पूर्ण आठवड्याची आखणी करून दिली. प्रवेशाआधी अभ्यासाची सवय व्हावी, जुन्या पुस्तकांतून शरीररचना आणि इंग्रजी पक्के व्हावे, एवढाच हेतू होता. कागद फार सुबक झाला होता. समुपदेशकाला स्वतःच्या अक्षरातल्या कागदाचे कौतुक वाटू लागले की समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष होते, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या आणि बसताक्षणी रडू लागल्या. नाइट ड्युटीत पहाटे साडेचारला एका रुग्णाचे इंजेक्शन भरायचे होते. अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) हातात घेताना, औषध भरण्याआधी आणि भरून झाल्यावर असे तीनदा लेबल वाचायचे, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. दोनदा त्यांनी लेबल "वाचले" आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की हातात शेजारच्या खोक्यातले भलतेच औषध आहे. रुग्णाला काही झाले नाही. सिरिंज टाकून देऊन त्यांनी योग्य औषध भरले. पण पहिले दोन वेळा आपण काय वाचले हे त्यांना आठवतच नव्हते. "डोळे उघडे होते मॅडम, पण आत कुणीच नव्हतं."

त्या दिवशी मी वेळापत्रक फाडले आणि नवे केले नाही. त्याऐवजी त्यांना चौदा दिवस एक वही ठेवायला सांगितली: आखणी काहीच नको, जे घडेल ते तासातासाने लिहायचे. त्यांनी शंभर पानी वहीत रुग्णाच्या शरीरात किती गेले आणि बाहेर किती आले हे मांडणाऱ्या इनटेक-आउटपुट चार्टसारखे रकाने पाडले. डावीकडे झोप, जेवण, बसून प्यायलेला चहा; उजवीकडे ड्युटी, स्वयंपाक, धुणे, डबे, मुलाचा गृहपाठ, बसचा प्रवास. नाइटनंतरच्या प्रत्येक दिवशी डावीकडच्या रकान्यात झोपेचे चार, कधी साडेचार तास होते आणि तेही दोन तुकड्यांत. चौदा दिवसांत दुपारचे जेवण बसून झाले ते पाच वेळा. वही माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "पेशंटचा असा चार्ट असता तर मी डॉक्टरांना फोन केला असता." त्यापुढे मी काही बोलण्याची गरज उरली नव्हती.

मग मी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते विचारले: इतकी घाई का? त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेले एक पत्रक काढले. स्वारगेटला बससाठी उभ्या असताना कुणीतरी हातात दिलेले. "नोकरी सांभाळून नर्सिंग, फक्त एक वर्ष, शनिवार-रविवार वर्ग." पहिला हप्ता भरून झाला होता, दुसरा पुढच्या सोमवारी द्यायचा होता. पस्तिशी उलटली की जीएनएमला घेत नाहीत असे त्यांना एका सहकारी बाईने सांगितले होते आणि तेव्हापासून आपली गाडी चुकली, आता मिळेल त्या वाहनाने जायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

याच प्रश्नाने अडलेल्या इतरांसाठी इथे थोडे सविस्तर सांगते, कारण या ठिकाणी चुकीच्या माहितीने जेवढे नुकसान होते तेवढे कष्टांनी होत नाही. जीएनएम हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या अखेरच्या वर्षात इंटर्नशिप असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत प्रवेशासाठी ३५ वर्षांची कमाल वयोमर्यादा आहे हे खरे. पण नोंदणीकृत एएनएमला ती मर्यादा लागू नाही, हेही त्याच नियमांत आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी मात्र प्रमाणपत्र मिळण्याआधी १०० टक्के भरून काढावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि सुईण अशी नोंदणी होते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. शनिवार-रविवारच्या वर्गातून ही नोंदणी मिळत नाही. असे वर्ग रुग्णसाहाय्यकाचे जुजबी काम शिकवत असतीलही, परंतु त्यांच्या प्रमाणपत्रावर कोणी नोंदणीकृत परिचारिका होत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे की नाही ते पाहावे आणि त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचावी; सहकारी बाईचे सांगणे, पत्रक आणि, खरे सांगायचे तर, समुपदेशकाचा शब्दही त्यासाठी पुरेसा नाही.

सुनंदाताईंना हे कळल्यावर आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी त्या गप्प झाल्या. वयाची भीती गेली होती, पण हजेरीचे गणित उभे राहिले होते. सकाळपासून दुपारपर्यंत वर्ग किंवा वॉर्ड, मध्येच नाइटच्या पाळ्या आणि त्याच्या जोडीला आठ तासांची नोकरी: हे बसत नाही. कोणत्याही बाईच्या जिद्दीने बसत नाही, कारण दिवसाचे तास चोवीसच असतात आणि लेबल तिसऱ्यांदा वाचायला झोप झालेली असावी लागते. मी तसे स्पष्ट सांगितले. त्यांचा प्रश्न दोन्ही कसे सांभाळू असा होता. आता तो खाली काय ठेवू, किती दिवस ठेवू आणि तेवढे दिवस ते कोण उचलेल, असा झाला.

नोकरी खाली ठेवायची तर महिन्याचे साडेसतरा हजार रुपये जाणार होते. यासाठी त्यांनी पुढची दोन-तीन सत्रे घरचा हिशेब घेऊन काढली आणि शेवटी ठरवले की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा. मुलीची दहावी तेवढ्यात पार पडणार होती, भिशीचा नंबर लागणार होता आणि वयाची अट नसल्यामुळे वर्ष गेल्याने बिघडणार काहीच नव्हते. दुसरा हप्ता त्यांनी भरला नाही. पहिला परत मिळाला नाही.

राहिल्या सासूबाई. "या वयात शाळा कशाला? पोरांची शाळा बघा," असे त्या रोज म्हणत आणि सुनंदाताईंनी ते जुन्या वळणाचे बोलणे म्हणून सोडून दिले होते. मीही दिले असते. परंतु वही चाळताना मला एक नोंद रोज, अगदी चौदाही दिवस, दिसली: "७.०० आई इन्सुलिन." नाइटनंतरच्या दिवशी तीच नोंद "८.५०" अशी होती आणि तिच्याशेजारी "रिक्षा". म्हणजे नाइट करून सुटल्यावर बसची वाट न पाहता त्या रिक्षाने घरी धावत, कारण सासूबाई तोवर न्याहारीशिवाय बसून असत. घरात दुसरे कोणी सुईला हात लावत नव्हते. मी विचारले, "तुम्ही सकाळी सातला कॉलेजला गेलात तर आईंना इन्सुलिन कोण देईल?" सुनंदाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. सासूबाईंच्या डोक्यात मात्र तो पहिल्या दिवसापासून होता. फक्त त्यांनी तो वयाच्या नावाने विचारला होता.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावले. नऊवारी नेसलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, बोलण्यात खणखणीत. मी विचारल्यावर आधी त्या "मला कसली भीती" म्हणाल्या आणि मग थोड्या वेळाने पदर सारखा करत म्हणाल्या, "बाई, हिच्या हातानं टोचलेलं कळत नाही. दुसऱ्याचा हात मला नको." त्यानंतरचे काम सुनंदाताईंनीच केले. डॉक्टरांशी बोलून बाटली आणि सिरिंजच्या जागी इन्सुलिन पेन आणले. आकडा लहान आणि आईंना अंधूक दिसते, म्हणून पेनवरचे युनिट नातीने लावायचे आणि मोठ्याने वाचायचे. टोचायचे मात्र आजीने, पोटावर, रोज जागा थोडी बदलून. बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच काढायची नाही, दहा आकडे मोजायचे. पहिले आठ दिवस सुनंदाताई शेजारी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "हात पुढे जाऊ नये म्हणून बांधले," असे त्यांनी मला सांगितले. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मला मोजता येतं." शाळेवरून बोलणे त्यानंतर बंद झाले.

यजमान आले ते एका गुरुवारी. पुण्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, विजेची दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच, त्यामुळे माझ्या खोलीतला पंखा बंद होता आणि आम्ही तिघेही घाम पुसत बसलो होतो. सज्जन माणूस, बायकोच्या शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता. "मी काय नाही म्हणतोय का? करू दे की तिला," असे त्यांनी चार वेळा सांगितले. अशा परवानगीने मी हल्ली समाधान मानत नाही. मी वहीतला उजवा रकाना त्यांच्यापुढे ठेवला आणि यातल्या कोणत्या तीन ओळी तुमच्या नावावर घ्याल, एवढेच विचारले. बराच वेळ वाचून त्यांनी सकाळचे डबे, मुलाचा गृहपाठ आणि गुरुवारचा सगळा स्वयंपाक अशा ओळींवर पेनने खुणा केल्या. गृहपाठावरची खूण करताना ते म्हणाले, "हे मला जमंल असं वाटत नाही, पण करतो." त्यांचा तो अंदाज बरोबर ठरला, हे पुढे येईलच. जाता जाता त्यांनी विचारले की आपल्यात अशा संसारात पडलेल्या बायका नर्स व्हायला कधी शिकल्या आहेत का. मी त्यांना रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाबद्दल सांगितले: १९०९ साली याच शहरात सुरू झालेल्या त्या संस्थेने विधवांना आणि प्रौढ स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, आणि तेही ससून रुग्णालयासारख्या ठिकाणी. "म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं आहे," म्हणत ते जिना उतरले.

सुनंदाताई आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षात आहेत. ठरवलेले सगळेच जमले असे नाही. भिशीचे पैसे पहिल्या वर्षाच्या फीतच संपले आणि बँकेचे कर्ज काढावे लागले. सुट्टीत जुन्या रुग्णालयात चार-सहा ड्युट्या करून पाहिल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी स्वतःहून बंद केल्या; या वेळी वही ठेवायला मी सांगितले नव्हते, ती त्यांनी आपणहून काढली होती. वर्गातल्या मुली त्यांच्या लेकीपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठ्या आहेत, त्यांना ताई म्हणतात आणि शीर सापडत नसली की हाक मारतात. थिअरीला मात्र ताईंनाच त्या मुलींकडून इंग्रजी शब्दांचे उच्चार घोटून घ्यावे लागतात.

अडले आहे ते मुलापाशी. तो आता सहावीत आहे. वडील गृहपाठ घेताना दहा मिनिटांत चिडतात, हा शाळेत वही नेत नाही आणि आई पुस्तक घेऊन बसली की मुद्दाम शेजारी येऊन भिंतीवर चेंडू आपटतो. गेल्या महिन्यात त्याने आईच्या नोट्सची चार पाने फाडली. सुनंदाताईंनी मारले नाही, ओरडल्याही नाहीत, आणि याच गोष्टीची त्यांना जास्त काळजी वाटते आहे. "मला राग यायला हवा होता ना मॅडम? मला नुसती झोप येत होती." मी त्यांना डावा रकाना विचारला. परीक्षेच्या महिन्यात तो पुन्हा पाच तासांवर आला आहे. येत्या गुरुवारी त्या मुलाला घेऊन येणार आहेत, आणि पहिली वीस मिनिटे त्याच्याशी मी एकटीच बोलेन असे आमचे ठरले आहे.