स्तनात हाताला गाठ लागत असेल तर मॅमोग्राफी कुठे करावी?

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ४६ वर्षांच्या मावशींच्या डाव्या स्तनात न दुखणारी गाठ लागते आहे, वस्तीतल्या शिबिरातली थर्मल तपासणी ‘नॉर्मल’ आली आहे आणि पुण्यात स्वस्तात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कुठे होईल, असे आपण विचारले आहे.

शिबिराचा तो कागद प्रथम बाजूला ठेवावा. त्वचेच्या तापमानाचे चित्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, आणि गाठ लागत असताना त्यावर विसंबणे धोक्याचेच आहे. शिबिरवाल्यांनी नीट हाताने तपासले असते तरी अधिक उपयोग झाला असता. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आहे.

मावशींना आता नुसती मॅमोग्राफी नव्हे, तर निदान हवे आहे. सर्जनने हाताने तपासणे, मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी, असे ते तीन टप्प्यांचे काम असते. हे तीन ठिकाणी विखुरले, की प्रत्येक फेरीला मावशींचा खाडा होतो, पगार कापला जातो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ‘दुखत तर नाही’ म्हणून विषय मागे पडतो. रुग्णाने पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले आहे. आपल्याकडे ते दिवस बहुधा दोन टप्प्यांच्या मधल्या वाटेतच सरतात. म्हणून ससून या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. मॅमोग्राफीची तारीख लांबची मिळाली, तर तेवढी तपासणी एखाद्या धर्मादाय रुग्णालयात करून घ्यावी आणि सवलतीसाठी तेथील समाजसेवा विभागात आधी भेटावे. त्या दिवशी काखेत व छातीवर पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्यावी, नाहीतर पुढचे डॉक्टर तीच तपासणी पुन्हा सांगण्याची शक्यता असते.

रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ (मॅमोग्राफीच्या निष्कर्षाची श्रेणी) आणि एक आकडा असतो. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी टाळू नये. ० म्हणजे सगळे ठीक असे नसून तपासणी अपुरी आहे, असा त्याचा अर्थ असतो. आकडा १ किंवा २ आला, पण गाठ तशीच लागते आहे, तर सर्जनला पुन्हा दाखवावेच. ऊती दाट असलेल्या स्तनांत मॅमोग्राफीला गाठ निसटू शकते. ‘लहानशी गाठ आहे, काढून टाकू’ असे कोणी म्हटले, तर आधी सुईची बायोप्सी करण्याचा आग्रह धरावा. निदानाआधीच गाठ कापून काढली, की पुढची शस्त्रक्रिया व उपचार आखणे अवघड होते.

राज्य सरकारच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमोथेरपी व रेडिएशन होतात. मात्र निदानापूर्वीच्या बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च तिच्यातून मिळेल असे धरून चालू नये. रेशनकार्ड महाराष्ट्रातल्या गावाकडचे असले तरी चालते, पण त्यावर मावशींचे नाव हवे आणि ते आधारशी जुळायला हवे. माहेरच्या-सासरच्या आडनावाचा घोळ असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तपासण्या चालू असतानाच देऊन टाकावा.