ओस पडलेला शहराचा मध्यभाग पुन्हा कसा उभा करायचा?

प्रश्न असा आहे: शहराच्या जुन्या मध्यभागात संध्याकाळनंतर शुकशुकाट असतो, वरचे मजले रिकामे पडलेत. पालिका आणि खासगी विकासक मिळून हा भाग पुन्हा जिवंत करू शकतात का, सुरुवात कुठून करावी, आणि असे प्रकल्प फसतात ते कशामुळे?

करू शकतात, पण क्रम चुकला की पैसा जातो आणि शुकशुकाट तसाच राहतो. बहुतेक ठिकाणी सुरुवात एखाद्या भव्य वास्तूने होते: परिषद केंद्र, मॉल, मनोरे. माझं मत उलट आहे. आधी तिथे रात्री मुक्कामाला माणसं आणा. कार्यालयात येणारा माणूस सुट्टीच्या दिवशी फिरकत नाही. तिथेच राहणारा मात्र सकाळी औषधं घ्यायला उतरतो आणि रात्री जेवणानंतर चक्कर मारतो. दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवणं त्याच्यामुळे परवडतं.

मेलबर्नने हेच केलं. १९९२ मध्ये तिथे ‘पोस्टकोड ३०००’ नावाची योजना सुरू झाली, तेव्हा मध्यभागात हजाराच्या आत घरं होती. पालिकेने रिकाम्या कार्यालयांची घरं करणाऱ्यांना आर्थिक सवलती आणि तांत्रिक सल्ला दिला, आणि त्याच वेळी पदपथ, झाडं, दिवे यांवर स्वतः खर्च केला. दहा वर्षांत घरं सुमारे सात हजारांवर गेली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे रिकाम्या इमारतींची यादी, आणि प्रत्येकीची पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंतची रुंदी मोजणं. खिडकीपासून साधारण आठ-नऊ मीटर आतपर्यंतच राहण्याजोगा उजेड पोचतो. म्हणून १८-२० मीटर रुंदीची इमारत सोपी: दोन्ही बाजूंना घरं, मधे बोळ. तीस मीटरच्या पुढे मधला पट्टा अंधारा राहतो. तिथे लिफ्ट आणि कोठारं ढकलावी लागतात, नाहीतर मधोमध चौक कापून उजेड आत घ्यावा लागतो, म्हणजे तेवढं विकाऊ क्षेत्र गेलं. दुसरी अडचण मलवाहिनीची. कार्यालयात स्वच्छतागृहं एका कोपऱ्यात असतात, घरात ती प्रत्येक दारामागे लागतात. १०० मिलिमीटरच्या आडव्या पाइपला साठास एक असा उतार धरला, तर सहा मीटरच्या लांबीत तो दहा सेंटीमीटर खाली येतो. मजल्याची उंची कमी असेल तर ही जागा सापडत नाही, आणि मग पाइप खाली नेण्यासाठी मजल्यांतून नवे उभे शाफ्ट पाडावे लागतात. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी केबली असतील तर स्कॅन केल्याशिवाय एकही भोक पाडू नका. केबल तुटली तर माणूस जखमी होतो आणि स्लॅबची ताकदही जाते. आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरा जिना बसतो का, हेही इमारत विकत घेण्यापूर्वीच पाहायचं. या तपासण्या व्यवहारानंतर झाल्या की विकासक अर्ध्यातून काढता पाय घेतो.

यानंतर तळमजला. चालणारा माणूस रस्ता जोखतो तो डोळ्यांच्या उंचीवर. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांच्या मोजपट्टीत उत्तम रस्त्याला दर १०० मीटरला १५ ते २० दारं असतात. परवानगीच्या अटींतच लिहा: रस्त्याकडे कोरी भिंत नको, पार्किंग मागून, तळमजल्याची उंची किमान चार मीटर, दुकानाची रुंदी सहा-सात मीटर. अमेरिकेत डेट्रॉइटचं रेनेसान्स सेंटर हे मनोऱ्यांचं संकुल १९७७ मध्ये खुलं झालं ते रस्त्याच्या बाजूला उंच काँक्रीटचे बांध घालून. आत सगळं, बाहेर काहीच नाही. प्रचंड पैसा ओतूनही आजूबाजूच्या रस्त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, आणि पुढे ते बांध पाडावे लागले.

फक्त पादचाऱ्यांसाठी रस्ता करायचा का, हे वस्ती पाहून ठरवा. कोपनहेगनचा स्ट्रोयेट हा रस्ता १९६२ मध्ये आधी प्रायोगिक तत्त्वावर गाड्यांना बंद केला आणि तो टिकला, कारण भोवती माणसं राहत होती. अमेरिकेत कॅलामझूने १९५९ मध्ये आणि फ्रेझ्नोने १९६४ मध्ये हेच केलं. वस्ती उपनगरांत निघून गेल्यावर दुकानांचा धंदा बसला. कॅलामझूने १९९८ मध्ये रस्त्याचा काही भाग आणि फ्रेझ्नोने २०१७ मध्ये आपला रस्ता गाड्यांना परत खुला केला.

रस्ता खोदताना होणारं नुकसान फार लोक हिशेबात धरत नाहीत. जुन्या मध्यभागात नकाशावर असलेली जलवाहिनी जमिनीत त्याच जागी सापडेल याची खात्री नसते. निविदेआधी दर ३०-४० मीटरवर चाचणी खड्डे घ्या, नाहीतर ठेकेदार दर खड्ड्याला वाढीव खर्च आणि मुदतवाढ मागेल. पाणी, मलनिस्सारण, वीज, केबल एकाच खोदाईत उरका. काम एका वेळी रस्त्याची एकच बाजू आणि ५०-६० मीटरचा टप्पा असं करा, आणि दुकानाच्या दारापर्यंत फळ्यांची वाट रोज चालू ठेवा. वर्षभर दार बंद राहिलं तर ज्याच्यासाठी रस्ता केला तो दुकानदारच उरत नाही.

पैशाकडे येऊ. सरकारी पैसा फक्त त्या तुटीला द्यावा, जी खासगी माणूस भरूच शकत नाही: दूषित जमीन साफ करणं, वारसा इमारतीची दुरुस्ती, कमी भाड्याची घरं. विकासकाचा ताळेबंद उघडून पाहिल्याशिवाय ही तूट ठरवू नका. सार्वजनिक जमीन विकण्यापेक्षा दीर्घ भाडेपट्ट्याने द्या, तीही टप्प्याटप्प्याने. कर्जमंजुरीचं पत्र आल्यावर ताबा, पायाचं काम ठरल्या तारखेला सुरू झालं नाही तर जमीन परत, नफा ठरल्यापेक्षा वाढला तर पालिकेचा वाटा.

भावी करवाढ तारण ठेवून कर्ज काढण्याची पद्धत कॅलिफोर्नियात १९५२ मध्ये सुरू झाली. हिशेब सोपा: आज भागाचा मालमत्ता कर १००, विकासानंतर १६० झाला तर वरचे ६० कर्जफेडीला. गोम अशी, की त्या ६०पैकी काही नाहीतरी वाढलेच असते. तेवढे शाळा आणि इतर सेवांच्या तोंडचे गेले. शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून, वाढीव कर मात्र इमारत उभी राहिल्यावर. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये याच पद्धतीवर चालणाऱ्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था बरखास्त केल्या, त्यांच्याकडे वळणारा कर हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

एका कंपनीच्या भरवशावर घरं पाडू नका, हे मी फार कळकळीने सांगतो. अमेरिकेतल्या न्यू लंडन शहरात पुनर्विकासासाठी झालेल्या सक्तीच्या भूसंपादनाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्यता दिली. योजनेचा आधार असलेल्या फायझर या औषध कंपनीने २००९ मध्ये तिथून निघण्याचं जाहीर केलं, आणि घरं गेलेली ती जमीन वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली.

उद्‌घाटनानंतर झाडणं, दिवे, कुंड्या कोण सांभाळणार? टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारभागाने १९७० मध्ये व्यावसायिकांच्या जादा आकारणीतून असा निधी उभारला. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडीना भागात १९९३ मध्ये पार्किंग मीटर लागले, तेव्हा त्याचं उत्पन्न त्याच रस्त्यांवर खर्च करायचं ठरलं, म्हणून व्यापाऱ्यांनी ते मान्य केले. पार्किंगचा दर असा ठेवा की रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यात एक-दोन जागा मोकळ्या राहतील, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या.

आणि आधीपासून असलेले भाडेकरू. भाग सुधारला की पहिला फटका त्यांना बसतो, कारण त्यांचे करार छोटे असतात. म्हणून पालिकेची सवलत घेणाऱ्या प्रत्येक मालकाच्या करारात जुन्या दुकानदाराला पाच-सात वर्षं ठरावीक दरवाढीचा भाडेकरार, कामाच्या काळात जवळच पर्यायी गाळा आणि परत येण्याचा लेखी हक्क ही कलमं सवलत मंजूर होण्याआधी घाला. नंतर ती कोणी घालू देत नाही.