चिमणी आणि घरातला उंदीर वजनाने जवळपास सारखेच, मग चिमणी इतकी जास्त कशी जगते?

घरातला लहान उंदीर साधारण २० ग्रॅमचा, चिमणी २५-३० ग्रॅमची. दोघंही माणसाच्या धान्यामागे जगभर पसरले. पण उंदराला पिंजऱ्यात खाऊपिऊ घालून जपलं तरी दोन-तीन वर्षांत तो म्हातारा होऊन मरतो. उलट ओळखीसाठी पायात कडी घालून सोडलेल्या चिमण्यांपैकी काही १३ वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत, त्याही उघड्यावर. (सगळ्या एवढ्या जगत नाहीत हो, बरीच पिल्लं पहिलं वर्षही काढत नाहीत.)

शरीराकडे बघितलं तर खरं उलटं व्हायला हवं होतं. चिमणीचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि रक्तातली साखर इतकी, की आपल्या रिपोर्टमध्ये तेवढी आली तर डॉक्टर लगेच गोळ्या सुरू करतील. एवढी उष्णता आणि साखर असलेलं शरीर खरं तर लवकर झिजायला हवं.

उत्तर माझ्या मते शिकाऱ्यांमध्ये आहे. मांजर, साप, घुबड सगळेच उंदरावर टपलेले. वर्षभरात कुणीतरी खाणारच असेल तर दहा वर्षं टिकणारं शरीर घडवून उपयोग काय? म्हणून निसर्गाने त्याचा सगळा जोर पिल्लांवर लावला: मादी दीड-दोन महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं, की पुन्हा तेच. चिमणी उडून निसटते. तिचं शरीर जास्त काळ धड राहिलं तर पुढच्या वर्षीही घरटं होतं, म्हणून डागडुजीवर केलेला खर्च तिथे वसूल होतो.

हे फक्त पंखांचं कौतुक नाही. सायबेरियातलं जेमतेम ७ ग्रॅमचं एक वटवाघूळ ओळखीची कडी घालून सोडल्यावर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं होतं. आणि नेकेड मोल-रॅट तर उंदरांच्याच गणातला, उडत वगैरे काही नाही, पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली बिळांत राहतो. तो ३० वर्षांहून जास्त जगतो. बिळात शिकारी क्वचितच पोचतो. मला हाच पुरावा सगळ्यात पटतो.

डागडुजी होते कुठे म्हणाल, तर पेशींत. स्पेनमधल्या संशोधकांनी कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याच्या आणि उंदराच्या हृदयातली मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले बारीक भाग) तपासली, तेव्हा कॅनरीत पेशींना इजा करणारा हायड्रोजन पेरॉक्साइड कमी तयार होताना दिसला. कॅनरी पिंजऱ्यात वीसहून जास्त वर्षं जगू शकते.